पडदा ताणताना

हिंगोलीकडच्या शिरड शहापूरला मे महिन्याच्या मध्याला सूर्य मावळतो सात वाजायच्या दहा मिनिटं आधी. पण सूर्य मावळला म्हणजे अंधार पडला असं होत नाही. पश्चिमेचं तांबडं ओसरून आभाळ काळं व्हायला आणखी पाऊण तास जातो आणि उघड्यावर सिनेमा दाखवणाऱ्याचं सगळं गणित त्या पाऊण तासात अडकलेलं असतं. ‘श्यामची आई’ सुमारे अडीच तासांचा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला पाहिजे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तसं घालून दिलं आहे. ते मला मनापासून पटतं, कारण मैदानाच्या कडेच्या घरांत पहाटे उठून कामाला जाणारी माणसं असतात. म्हणजे सिनेमा साडेसातच्या आत सुरू व्हायलाच हवा. उजेड पुरता गेलेला नसतो, पडद्यावर सुरुवातीची नावं फिकी उमटतात, आणि ज्यांनी हा सिनेमा केला त्यांची नावंच कुणाला वाचता येत नाहीत.

म्हणून ती नावं मी आधी माइकवर सांगतो. दिग्दर्शक आणि पटकथाकार प्रल्हाद केशव अत्रे. मूळ पुस्तक साने गुरुजींचं. संगीत वसंत देसाई. आई वनमाला, श्याम माधव वझे. सिनेमा 1953 चा. दुसऱ्या वर्षी देशात राष्ट्रपती पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. एवढं सांगेपर्यंत लोक बसायचे असतात, बाया पदर सावरत जागा धरत असतात, पोरं पडद्यामागे जाऊन पलीकडून काय दिसतं ते बघत असतात. ऐकतात का? काही ऐकतात. पण नावं घेतल्याशिवाय सिनेमा लावू नये, ही शिस्त ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांची आहे.

मी ऑपरेटर. सुरुवात जत्रेतल्या तंबूत, एका टुरिंग टॉकीजच्या मशीनवर. नंतर थिएटरच्या केबिनमध्ये. रिळं बंद झाली, सिनेमा डबीतून आणि उपग्रहावरून यायला लागला, तशी केबिनची नोकरी संपली. आता उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की शिरड शहापूर आणि आसपासच्या गावांत पडदा लावतो. मशीन आता डिजिटल आहे, हातात धरून नेता येईल इतकं लहान. पण या कामाची जी समज आहे ती सगळी जुन्या मशीनने दिलेली आहे.

जुन्या 35 मिलिमीटरच्या मशीनमध्ये एका सेकंदात 24 चित्रं भिंगासमोरून जात. पण ती सरळ वाहत गेली असती तर पडद्यावर नुसता पांढुरका गोंधळ दिसला असता. प्रत्येक चित्र गेटमध्ये क्षणभर पूर्ण थांबावं लागतं. ते थांबवण्याचं काम ‘माल्टीज क्रॉस’ नावाचा चार खाचांचा एक छोटा पोलादी भाग करायचा. तो थांबे, शटर उघडे, उजेड पडे. शटर मिटे, क्रॉस पाव फेरा फिरे, पुढचं चित्र जागेवर येई. एका मिनिटाला 90 फूट फिल्म अशी थांबत थांबत जाई. तो भाग झिजला की चित्र थरथरायला लागे आणि ऑपरेटरला ते पडद्याकडे न बघता, मशीनच्या आवाजावरून कळे. माझ्या उस्तादांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. मशीनला कान लावायचा आणि पडद्यावर डोळा ठेवायचा. प्रेक्षकाच्या दोन्ही गोष्टी लक्षात येता कामा नयेत.

थिएटरात दोन मशीनं असत. एक रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटून जाई. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा बदल. नीट साधलं तर हजार माणसांच्या सभागृहात एकाच्याही लक्षात येत नसे. तंबूत मात्र एकच मशीन. रीळ संपलं की दिवे लागत, लोक पाणी पीत, विड्या पेटवत, आणि आत्ता काय झालं, पुढं काय होईल यावर बोलत. त्या मधल्या वेळेचं महत्त्व मला फार उशिरा, पुण्यात कळलं.

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 1964 साली ते सुरू झालं आणि पी. के. नायर या माणसाने आपलं सगळं आयुष्य त्यात घातलं. दादासाहेब फाळक्यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ जेवढे उरले तेवढे आज आपल्याला बघता येतात, त्यामागे नायर यांची धडपड आहे. तिथं आणि शेजारच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळून दर उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम भरत आला. मे-जूनच्या उकाड्यात देशभरातून माणसं येत आणि दिवसभर अंधारात बसून जुने सिनेमे बघत. एका उन्हाळ्यात मलाही त्या अंधारात बसायला मिळालं. तोपर्यंत मी सिनेमे फक्त केबिनच्या चौकोनी खिडकीतून पाहिलेले, तेही तुकड्यातुकड्यांनी. हात मोकळे ठेवून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चांगल्या प्रिंटवर सिनेमा पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तिथं मला कळलं की संग्रहालय म्हणजे नुसतं डबे जपून ठेवण्याची जागा नव्हे. फिल्म जपणं अवघड आहे यात शंका नाही. 1950 च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे आणि ती बारुदासारखा पेट घेते. 2003 च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुनी रिळं गेली. पण नायर यांनी डबे राखण्याबरोबर दुसरंही काम केलं. 16 मिलिमीटरच्या प्रिंट काढून त्या फिल्म सोसायट्यांना, गावोगावच्या मंडळींना पाठवण्याची व्यवस्था लावली. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘निनासम’ उभं केलं होतं. तिथं सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या लोकांनी ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला आणि आमच्या तंबूतल्या लोकांसारखी त्यावर आपसांत चर्चा केली. डब्यातला सिनेमा अर्धाच असतो. तो कुणीतरी लावावा लागतो, कुणीतरी बसून बघावा लागतो, आणि तो कसा लावला यावर तो कसा दिसला हे ठरतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला मला ‘पथेर पांचाली’चा वाटतो. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर सत्यजित राय यांनी केलेला हा सिनेमा कलकत्त्यात लागला 1955 च्या ऑगस्टमध्ये. पण जगात तो पहिल्यांदा दाखवला गेला त्याच वर्षीच्या मे महिन्यात, न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, भारतीय वस्त्रं आणि अलंकारांच्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने. बंगालच्या खेड्यातली अपू-दुर्गाची गोष्ट, सबटायटलं नाहीत, आणि समोर बंगालीचा गंध नसलेले लोक. तरी ती पोचली. पुढे 1993 साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली, त्यात राय यांच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. अनेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्या जळक्या, आकसलेल्या फिल्मच्या कडा हाताने दुरुस्त केल्या, आणि 2015 च्या मे महिन्यात ‘पथेर पांचाली’ पुन्हा त्याच न्यू यॉर्कच्या संग्रहालयात लागला. त्याच बोलोन्यात दर उन्हाळ्यात गावाच्या मुख्य चौकात भलामोठा पडदा उभारतात आणि जुने सिनेमे उघड्यावर फुकट दाखवतात. हजारो माणसं जमतात. हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. शिरड शहापूरच्या मैदानात मी जे करतो ते त्याच जातीचं काम आहे, हे मला तेव्हापासून पक्कं वाटतं.

आता पडद्याचं सांगतो, कारण या कामात लोकांचं सगळ्यात कमी लक्ष पडद्याकडे असतं.

बाजारात तयार पडदे मिळतात, पण मी मांजरपाटाचा शिवून घेतो. ‘श्यामची आई’साठी वेगळा आहे, 12 फूट रुंद आणि 9 फूट उंच. कारण 1953 च्या सिनेमाची चौकट आजच्यासारखी लांबट नव्हती. उंचीच्या मानाने रुंदी सव्वापटीपेक्षा थोडी जास्त, एवढीच. आजची मशीनं लांबट चित्रासाठी बनवलेली. जुना सिनेमा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, आणि लोकांना वाटतं पडदा वाया चालला. मग कुणीतरी रिमोटवरचं बटण दाबून चित्र ताणून भरून टाकतो. झालं! आईचा चेहरा जवळपास तीस टक्के रुंद होतो. वनमालाबाईंचा चेहरा म्हणजे या सिनेमाचा कणा. पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर ‘सिकंदर’मध्ये चमकलेली हिंदी पडद्यावरची देखणी नायिका, अत्र्यांनी तिला कोकणातल्या गरिबाघरची आई केलं आणि तिच्या डोळ्यांतून सगळी गोष्ट चालवली. त्या चेहऱ्याला फुगवून रुंद करणं म्हणजे कुणाच्या देवघरातली तसबीर वाकडी करण्यासारखं मला वाटतं. मी बटणाला हात लावू देत नाही. पडदाच त्या मापाचा असला आणि कडेला काळं कापड लावलं, की पट्ट्यांचा प्रश्न उरत नाही आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

मांजरपाटाचा पन्हा 9 फुटांना पुरत नाही, जोड द्यावा लागतो. शिवण आडवी घ्यायची. उभी शिवण चालत्या माणसाला मधोमध कापते. आडवी कुठं घ्यायची हे मात्र बघून ठरवावं लागतं: जवळून घेतलेल्या चेहऱ्यात डोळे साधारण वरच्या तिसऱ्या भागात येतात, म्हणून शिवण त्याच्या बरीच खाली. शिंप्याला हे समजावून सांगितलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे नवलाने बघितलं, मग स्वतःच टेप घेऊन पुन्हा मोजलं आणि जोड आणखी चार बोटं खाली घेतला. त्याचं बरोबर होतं. पाठीमागे काळ्या कापडाचं अस्तर लावायचं, नाहीतर निम्मा उजेड आरपार जातो. कडेला दोर घालून शिवायचं, रिंगा बसवायच्या, आणि पडदा बांधताना आधी वरची बाजू, मग दोन्ही कडा, सगळ्यात शेवटी खालची. खालचा दोर एकदम आवळायचा नाही. मे महिन्याच्या संध्याकाळी अचानक वावटळ येते, अवकाळीची चिन्हं असली तर जास्तच. थोडी ढील असली तर वारा निघून जातो. वारा पडला की मग दोर ओढून पडदा पूर्ण ताणायचा.

अंधार कुठून आणायचा, हा दुसरा प्रश्न. मी पंचांग बघून तारीख ठरवतो. पौर्णिमेच्या आसपास काळ्या-पांढऱ्या सिनेमातला काळा रंग पांगतो, सगळं राखेसारखं दिसतं. संकष्टी उलटली की चंद्र दहाच्या पुढे उगवायला लागतो, तिथून अमावास्येपर्यंतच्या रात्री आपल्या. मग ग्रामपंचायतीच्या वायरमनला गाठून मैदानासमोरच्या खांबावरचा दिवा तेवढ्या वेळापुरता बंद ठेवायला सांगायचं. आणि एक पांढरा बल्ब प्रेक्षकांच्या बऱ्याच मागे, एकटा, मुद्दाम लावून ठेवायचा. पाखरं आधी तिकडे जमतात. नाहीतर ती मशीनच्या उजेडाच्या पट्ट्यात येतात, आणि भिंगाजवळ आलेलं बोटभर पाखरू पडद्यावर घारीएवढं होऊन आईच्या कपाळावर बसतं.

धुळीवर उपाय म्हणून मैदानावर पाणी मारावं असं कुणीही सुचवेल. मे महिन्यात इथं ते करायला मन धजत नाही. ज्या दिवसांत बायाबापड्या घागर घेऊन उभ्या असतात त्या दिवसांत सिनेमासाठी पाणी ओतणं बरोबर नाही. त्यावर उपाय गावातच आहे. हा सगळा हळदीचा मुलूख. वसमत, हिंगोलीच्या बाजारांत हळद इथूनच जाते. मे महिना येईतो हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बहुतेकांची घराबाहेर पडलेली असते आणि ती वाळवायच्या ताडपत्र्या घडी करून ठेवलेल्या असतात. त्या लोक घेऊन येतात. मैदानभर निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावर पिवळे डाग. लेकरं त्यावर बसून घरी जातात तेव्हा त्यांच्या तळव्यांना आणि चड्ड्यांना पिवळं लागलेलं असतं.

आवाजाबद्दल माझं मत जरा कडक आहे. लग्नाच्या वरातीतले डीजेचे ठोकळे सिनेमाला लावू नयेत. या सिनेमाचा आवाज फिल्मच्या कडेवरच्या बारीक पट्टीत नोंदवलेला, एकाच वाटेने येणारा. त्यात माणसाचा गळा मधोमध असतो. ठोकळे त्यात नसलेला दणका घालतात आणि आईचं हळू बोलणं त्याखाली चिरडतं. मी एकच चांगला स्पीकर पडद्याच्या मागे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवतो. कापडातून आवाज येतो, आणि तो बोलणाऱ्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. मोठा नको, स्वच्छ हवा. आवाज थोडा कमी असला की माणसं आपोआप गप्प होतात आणि पुढे सरकून बसतात.

विजेचा भरवसा नाही. दुपारी तापमान 42 च्या वर गेलेलं, घरोघरी कूलर चालू, संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं. मशीन इन्व्हर्टरवरच लावायचं, आणि ते दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचं नाही. एवढं पाळलं तर निभावतं.

हक्कांचंही बघावं लागतं. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं असतो, म्हणजे 1953 च्या सिनेमाची मुदत 2013 अखेर संपली. साने गुरुजी 1950 साली गेले, पुस्तकही मोकळं झालेलं आहे. तरी गाण्यांचे, संगीताचे हक्क निराळे चालतात. म्हणून विचारून, परवानगी घेऊन, चांगली प्रत मिळवूनच लावावं. इंटरनेटवरून उतरवलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का असलेली, अंधुक प्रत दाखवायची आणि ‘क्लासिक आहे’ म्हणून मुलांना बळजबरीने बसवायचं, यासारखं दुसरं नुकसान नाही. मुलं ठरवून टाकतात की जुना सिनेमा म्हणजे अंधुक सिनेमा. ती परत येत नाहीत.

आता पुस्तकाकडे येतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यातल्या प्रकरणांना ते प्रकरण म्हणत नाहीत, रात्र म्हणतात. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. हळूहळू गावातलीही माणसं ऐकायला यायला लागतात. म्हणजे हे पुस्तक मुळात दिवस मावळल्यावर, उघड्यावर, जमलेल्या माणसांना सांगितलेलं आहे. शाळेत आपण ते दुपारी, बाकावर बसून, प्रश्नोत्तरांसाठी वाचलं. मैदानात लावलेला सिनेमा त्या पुस्तकाला त्याची वेळ परत देतो.

म्हणून आम्ही सिनेमाच्या आधीच्या संध्याकाळी पुस्तक वाचतो. जिल्हा परिषद शाळेतल्या एका मॅडमनी ही कल्पना काढली. रोज एक रात्र, मोठ्याने, मुलांनीच आळीपाळीने वाचायची; अडखळली तर अडखळू द्यायची. पहिल्या दिवशी मोजकीच मुलं असतात. मग कुणाची आजी नातवाला न्यायला येते आणि बसून राहते. त्या वाचनात तंबूतल्या रिळांच्या मधला वेळ मला परत सापडला. एक रात्र वाचून झाली की थांबायचं, आणि लोकांना बोलू द्यायचं. पुढची उद्या.

वाचून आलेल्या मुलाला सिनेमा फार वेगळा दिसतो. तो गोष्ट काय आहे हे बघायला आलेला नसतो. अत्र्यांनी ती कशी केली हे बघायला आलेला असतो, जरी त्याला ते शब्दांत सांगता आलं नाही तरी. पुस्तक हळवं आहे, गुरुजी स्वतः रडत रडत लिहितात. अत्रे मुळात ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ लिहिणारे, सभा हसवून सोडणारे लेखक. त्यांनी या पुस्तकाला हात घातला तेव्हा किती जणांना धास्ती वाटली असेल! पण त्यांनी आपला स्वभाव आवरला आणि पुस्तकातल्या हळवेपणालाही लगाम घातला. सिनेमात आई फार उपदेश करत नाही, ती काम करत राहते. माझ्या मते या सिनेमाचं मोठेपण इथंच आहे: पुस्तकात शिकवण वाक्यांत आहे, सिनेमात ती हातांत आहे. लेखकाचं वाक्य जपणं सोपं. अत्र्यांनी वाक्यामागची बाई जपली.

पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवते. हा प्रसंग आला की आमच्या मैदानात आधी हशा पिकतो, कारण इथली पोरंही विहिरीतच पोहायला शिकतात, पाठीला डबा नाहीतर ट्यूब बांधून, आणि इथंही त्यांना कुणीतरी ढकललेलंच असतं. मग आई मारायला लागते तसा हशा थांबतो. एकदा पुढे बसलेल्या एक आजी मागे वळून मला म्हणाल्या, “भाऊ, खरंच मारायलीय का वं ती लेकराला?” मी म्हटलं, “नाही आजी, सिनेमातलं आहे.” त्यांनी मान हलवली. “तिला लागायलंय बघा,” त्या म्हणाल्या. “त्याच्यापेक्षा तिलाच लागायलंय.” वनमालाबाईंचा चेहरा ताणलेला नव्हता, डोळ्यांवर शिवण नव्हती, म्हणून ते आजींना दिसलं. माझ्या कामाचा उपयोग एवढाच आहे, आणि तो मला पुरेसा आहे.

कर्जाचा भाग आला की मैदानातला आवाज बदलतो. कोकणातलं घर, समुद्राकडची हवा, नारळी-पोफळी. हे सगळं इथल्या लेकरांना परदेशासारखं. हिंगोली कुठं, दापोलीजवळचं पालगड कुठं! पण सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो आणि घरातली बाई दाराआड उभी राहते, तिथं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्या वेळी पुरुष मंडळी बोलायची थांबतात. मागे उभे असलेले खाली बसतात. मी कितीही ठिकाणी हा सिनेमा लावला तरी त्या जागी मशीनकडे बघत नाही, माणसांकडे बघतो.

तळव्यांचा प्रसंग मात्र मुलांचा. आंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, आणि आई त्याला जे सांगते ते मराठी घरांतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ताडपत्रीवर बसलेली मुलं त्या वेळी आपापले तळवे उलटे करून बघतात. हळदीचे असतात.

काही जण म्हणतात, आता नवा आहे की, तो दाखवा. 2023 साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, तोही काळ्या-पांढऱ्यात, आणि ते धाडस मला आवडलं. दोन्ही दाखवावेत. पण पहिल्यांदा मुलांना अत्र्यांचा दाखवावा असं माझं मत आहे. तो आला तेव्हा साने गुरुजी जाऊन तीनच वर्षं झालेली होती. ज्यांनी तो केला त्यांना ती भाषा, ती घरं, ती गरिबी ओळखीची होती. माधव वझे यांच्यासारखा मुलगा त्यात अभिनय करतो आहे असं वाटत नाही. पुढे ते नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून नावाजले गेले, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही.

संपल्यावर मी लगेच दिवा लावत नाही. शेवटची पाटी जाऊ देतो, आवाज हळूहळू उतरवतो, आणि मग मागचा तो पाखरांचा बल्ब आधी फिरवून प्रेक्षकांकडे करतो. एकदम समोरून उजेड मारला तर रडलेल्या माणसांना तोंड लपवावं लागतं. चर्चा त्याच रात्री ठेवायची नाही, हेही अनुभवाने ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर मुलं जमतात. पुस्तकातली कुठली रात्र सिनेमात नव्हती आणि ती नसल्याने काय झालं, हा एकच प्रश्न मॅडम विचारतात. त्यावर तास-दीड तास सहज जातो. एका मुलाने म्हटलं होतं की सिनेमात श्याम आपल्याकडे बघत नाही, पुस्तकात तो आपल्याशी बोलतो. चौथीतला मुलगा! साहित्यावरच्या सिनेमाबद्दल पुण्याच्या वर्गात ऐकलेल्या कितीतरी गोष्टी त्या एका वाक्यात आल्या.

पुढच्या उन्हाळ्यासाठी ‘बनगरवाडी’ ठरवला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 1955 ची. अमोल पालेकरांनी 1995 साली त्यावर सिनेमा केला, पटकथा माडगूळकरांचीच. माणदेशातली मेंढरं, दुष्काळ, एकशिक्षकी शाळा आणि शेवटी उठून जाणारी वाडी. मराठवाड्यात या गोष्टीला ओळख करून द्यावी लागणार नाही. निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शनची. पुण्याचं संग्रहालयही 2022 पासून त्याच महामंडळात आलं आहे, तेव्हा प्रतीसाठी अर्ज तिकडेच करायचा आहे. पुस्तक मॅडमनी आत्ताच मागवून घेतलं; वाचनाला या वेळी धनगरवाड्यावरची मुलं यावीत म्हणून त्या स्वतः जाऊन बोलणार आहेत.

पडदा मात्र नवा शिवावा लागेल. जुना दर वर्षी धुऊन, उन्हात वाळवूनही पिवळसर झालाय. काळ्या-पांढऱ्या सिनेमाला तो चालून गेला, उलट थोडा उबदार दिसला. पण ‘बनगरवाडी’ रंगीत आहे. त्यात मेंढरं पांढरी दिसली पाहिजेत, धोतरं मळकी आणि माळ करपलेला; पिवळ्या कापडावर हे तिन्ही एकच होतील. वसमतच्या बाजारातून मांजरपाट आणायचा आहे. चौकटीचं माप वेगळं, म्हणजे शिवणीची जागाही नव्याने काढावी लागेल, त्यासाठी शिंप्याला आधी सिनेमातले चार चेहरे दाखवणार आहे.